संपादकाविना चित्रकथा : वेबकॉमिकची पहिली वर्षे

१९९१ साली ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका रोज सकाळी घराघरांत पोहोचायची, कारण तिच्यामागे एक अख्खे वर्तमानपत्र उभे होते. पानावरची जागा राखलेली, रोजची वेळ ठरलेली. कागद, छपाई, वितरण ही सगळी चिंता दुसऱ्यांची. चित्र वेळेवर द्यायचे आणि ते संपादकाच्या पसंतीस उतरवायचे, एवढे चित्रकारांनी सांभाळायचे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९९३ मध्ये, डेव्हिड फार्ली या अमेरिकन चित्रकाराने ‘डॉक्टर फन’ ही एकाच चौकटीची हास्यचित्रे थेट वेबवर टाकायला सुरुवात केली. वेबवरच्या अगदी पहिल्या हास्यचित्रमालांत तिची गणना होते. मध्ये ना छापखाना, ना संपादक. वेबकॉमिकचा पुढचा इतिहास, त्यातली चैन आणि त्यातले हाल, बहुतेक याच एका गैरहजेरीतून निघाले आहेत. संपादक नाही, म्हणून कोणी नाकारत नाही. संपादक नाही, म्हणूनच कोणी मानधन देत नाही, चुका दाखवत नाही, तारीख पाळायला लावत नाही आणि चित्र चोरीला गेले तर वकीलही लावत नाही. नव्या चित्रकाराची पहिली काही वर्षे ही सारी कामे एकेक करून स्वतःच्या अंगावर घेण्यात जातात.

कोणी अडवत नाही

आधी या मोकळेपणाची कमाई पाहू. रायन नॉर्थ या कॅनेडियन तरुणाला चित्रकलेत फारशी गती नव्हती. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी संगणकावरच्या तयार चित्रांतून सहा चौकटी जुळवल्या आणि ‘डायनोसॉर कॉमिक्स’ सुरू केले. पुढे जवळपास प्रत्येक भागात चौकटी त्याच राहिल्या, डायनोसॉरही तेच. बदलत गेले ते संवाद. असा प्रस्ताव कोणत्या दैनिकाने स्वीकारला असता? पण वाचक टिकले, आणि याच नॉर्थ यांनी पुढे मार्व्हल या कॉमिक कंपनीसाठी ‘द अनबीटेबल स्क्विरल गर्ल’ लिहिले.

रँडल मन्रो हे भौतिकशास्त्राचे पदवीधर, नासाच्या लँगली संशोधन केंद्रात यंत्रमानवांवर काम करणारे. २००५ मध्ये त्यांनी वहीतली रेखाटने स्कॅन करून वेबवर टाकली. काड्यांची माणसे आणि गणिताचे विनोद असलेल्या या मालिकेचे नाव ‘एक्सकेसीडी’. पुढच्याच वर्षी नासातले काम संपले आणि ही मालिकाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय झाली. जपानमध्ये ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कलाकाराने २००९ मध्ये ‘वन पंच मॅन’ स्वतःच्या हाताने, ओबडधोबड रेषेत काढून वेबवर टाकले. २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या मांगा (जपानी चित्रकथा) चित्रकाराने तीच कथा नव्याने काढायला घेतली आणि ती जगभर गेली.

आपल्याकडचे उदाहरण नागपूरचे आहे. रोहन चक्रवर्ती यांनी शिक्षण घेतले दंतवैद्यकाचे, ओढ मात्र जंगलाची आणि चित्रांची. २०१० मध्ये त्यांनी ‘ग्रीन ह्युमर’ ही वन्यजीवांवरची चित्रमालिका सुरू केली. बेडूक, धनेश, वटवाघूळ यांना नायक करणारी मालिका चालेल, असे तेव्हा कोणी छातीठोकपणे सांगितले नसते. पुढे ती ‘गोकॉमिक्स’ या अमेरिकन संकेतस्थळावर गेली, वर्तमानपत्रांत सदर झाली, तिची पुस्तके निघाली.

या चौघांत एक गोष्ट समान दिसते. आपल्या हाताची मर्यादा त्यांनी आधीच ओळखली आणि तिच्यात बसेल असा आशय निवडला. मन्रो यांनी गर्दीच्या लढाया काढायच्या ठरवल्या असत्या तर मालिका दहा भागांत आटोपली असती. वेबकॉमिकमध्ये रेषेच्या सफाईपेक्षा रेषा आणि आशय यांचा मेळ जास्त चालतो.

ही नावे वाचून हुरळून जाऊ नये. अशा याद्यांत फक्त टिकलेले दिसतात. पंधराव्या भागाला थांबलेल्या मालिका कोणी मोजत नाही, आणि वेबवर त्यांचीच संख्या मोठी आहे.

शांततेची वर्षे

नव्या चित्रकाराला पहिला धक्का टीकेचा बसत नाही. तो बसतो शांततेचा. पहिले काही भाग मित्र आणि नातेवाईक वाचतात, कौतुक करतात. मग तेही थकतात. आठ तास खपून काढलेला भाग टाकावा आणि त्याला बारा पसंत्या मिळाव्यात, त्यातल्या दोन घरच्यांच्या, हे महिनोन् महिने चालते.

याचे कारण माध्यमाच्या रचनेत आहे. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेला पहिल्या दिवशीच त्या पत्राचा सगळा वाचक मिळतो. वेबकॉमिकचा वाचक एकेक करून येतो आणि आला की मागे जातो, म्हणजे पहिल्या भागापासून वाचू लागतो. वेबकॉमिकची खरी मिळकत म्हणजे हा साठा. पंधरा भागांच्या मालिकेवर आलेला वाचक दहा मिनिटांत बाहेर पडतो. तीनशे भागांच्या मालिकेत तो रात्रभर अडकतो आणि सकाळी मित्राला दुवा पाठवतो. पण याच सवयीमुळे चित्रकाराचे सर्वांत जुने, म्हणजे बहुधा सर्वांत कच्चे, काम हीच त्याची नव्या वाचकाशी पहिली ओळख ठरते. म्हणून अनुभवी मंडळी ‘इथून वाचायला सुरुवात करा’ असा वेगळा दुवा देतात. पहिले प्रकरण पुन्हा काढण्याचा मोह मात्र आवरावा. जुने दुरुस्त करण्यात नवे भाग अडकतात आणि मालिका तिथेच बसते.

यशाच्या कथांतली वर्षे मोजली की धीर येतो. ॲलिस ओसमन यांनी ‘हार्टस्टॉपर’ २०१६ मध्ये वेबवर सुरू केले, २०१८ मध्ये वाचकांकडून वर्गणी गोळा करून पहिला खंड छापला, आणि नेटफ्लिक्सवरची मालिका आली २०२२ मध्ये. जेफ किनी यांची ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ आज मराठी घरांतल्या मुलांनाही ठाऊक आहे. ती २००४ पासून ‘फनब्रेन’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळत होती, पुस्तक निघाले २००७ मध्ये. कॅनडाच्या केट बीटन यांनी शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी अल्बर्टातल्या तेलवाळूच्या खाणींवर नोकरी केली, आणि त्याच काळात त्यांची चित्रे वेबवर येऊ लागली. त्या दिवसांवरचे ‘डक्स’ हे त्यांचे पुस्तक २०२२ मध्ये आले आणि त्याला चित्रकथांसाठीचा आयझनर पुरस्कार मिळाला. नोकरी करत चित्रे काढणे हा या क्षेत्रात कमीपणा समजण्याचे कारण नाही. बहुतेकांची सुरुवात तशीच झाली आहे.

वेळापत्रकाचे गणित

वाचकाला सवय लागते ती वाराची. दर मंगळवारी येणारी साधी मालिका, लहर लागेल तेव्हा येणाऱ्या देखण्या मालिकेपेक्षा जास्त वाचली जाते. पण वार पाळायला लावणारा संपादक इथे नाही, म्हणून गणित आधीच मांडावे लागते.

एक चौकट पूर्ण करायची म्हणजे लेखन, कच्चे रेखाटन, शाई, रंग आणि अक्षरे अशा पाच पायऱ्या. सगळे धरून चौकटीला एक तास लागतो असे समजू. चार चौकटींची पट्टी आठवड्यातून दोनदा द्यायची तर आठ तास लागतील. नोकरी करूनही ते जमते. आता उभ्या स्क्रोलचा ‘वेबटून’ प्रकार घ्या. दक्षिण कोरियात नेव्हर कंपनीने २००४ मध्ये आपली वेबटून सेवा सुरू केली, २०१४ मध्ये ती इंग्रजीत आली. तिच्या साप्ताहिक भागात पन्नासहून अधिक चौकटी सहज असतात. म्हणजे आठवड्याला पन्नास तास, आणि तेही एकट्याचे. कोरियातले व्यावसायिक निर्माते रंगासाठी, पार्श्वभूमीसाठी साहाय्यक ठेवतात, स्टुडिओ चालवतात. घरी बसून एकट्याने त्यांच्या वेगाशी स्पर्धा करणारा नवखा चार महिन्यांत कोलमडतो.

हे कोलमडणे केवळ मनाचे नसते. ‘सोलो लेव्हलिंग’ या गाजलेल्या वेबटूनचे चित्रकार जांग सुंग-राक जुलै २०२२ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. वय अवघे ३७. त्यांच्या मृत्यूनंतर कोरियात वेबटून कलाकारांच्या कामाच्या ओझ्यावर जाहीर चर्चा सुरू झाली. मनगट, अंगठा, मान आणि पाठ ही या व्यवसायाची भांडवली सामग्री आहे, आणि तिला विमा नसतो.

म्हणून दोन सवयी सुरुवातीपासून लावाव्यात. पहिली, भाग हाताशी राखून ठेवण्याची. निदान आठ-दहा भाग तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्धच करू नये. ताप आला, परीक्षा आली, घरात लग्न निघाले तरी मालिका चालू राहते. दुसरी, कथेचे हंगाम पाडण्याची. वीस भाग, मग जाहीर सुट्टी. सांगून घेतलेली सुट्टी वाचक समजून घेतात. न सांगता गायब होणाऱ्याला ते विसरतात.

पैसा कुठून येतो

या प्रश्नावर गेली तीस वर्षे प्रयोग चालू आहेत. ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ लिहिणारे स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० साली ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’ या पुस्तकात दोन भाकिते केली. एक, वेबवरच्या चित्रकथेला कागदाच्या कडांचे बंधन राहणार नाही. दुसरे, वाचक प्रत्येक कथेसाठी अगदी छोटी रक्कम सहज देऊ लागतील. पहिले उभ्या स्क्रोलच्या रूपाने खरे ठरले. दुसऱ्यासाठी मॅक्लाउड यांनी २००३ मध्ये स्वतःचीच ‘द राइट नंबर’ ही चित्रकथा ‘बिटपास’ या सेवेमार्फत २५ सेंटला विकून पाहिली. २००७ मध्ये बिटपास बंद पडले. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडर्न टेल्स’ने मासिक वर्गणीचा प्रयोग केला, तोही मावळला. जाहिरातींचा मार्ग काहींना लाभला. रायन नॉर्थ यांनीच २००६ मध्ये ‘प्रोजेक्ट वंडरफुल’ ही छोट्या चित्रकारांना परवडणारी जाहिरात सेवा उभारली. समाजमाध्यमांनी वाचक ओढून नेल्यावर २०१८ मध्ये तिलाही कुलूप लागले.

या पडझडीतून एक नियम हाती लागला. चित्रकथा वाचण्यासाठी पैसे देणारे थोडे, पण आवडलेल्या चित्रकथेची वस्तू घरात असावी म्हणून पैसे देणारे पुष्कळ. मन्रो यांची मालिका पहिल्या दिवसापासून फुकट आहे. मिळकत झाली टी-शर्ट आणि पुस्तकांतून. रिच बर्ल्यू यांनी ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ या काड्यांच्या माणसांच्या मालिकेचे जुने खंड पुन्हा छापण्यासाठी २०१२ च्या सुरुवातीला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५७,७५० डॉलर मागितले. जमले साडेबारा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा कोटी रुपयांहून जास्त. याच कहाणीची दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी बर्ल्यू यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली, मालिका काही महिने थांबली, आणि वर्गणीदारांना कबूल केलेल्या जादा कथा पुऱ्या करणे कित्येक वर्षे लांबले. जमलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. ती घेतलेली ऑर्डर असते, आणि तिच्यात छपाई, टपाल आणि कर आधीच वजा धरायचे असतात.

२०१३ मध्ये आलेल्या ‘पॅट्रिऑन’ने दरमहा आश्रय देणारे वाचक मिळवून दिले आणि अनेकांना पहिल्यांदा पगारासारखी रक्कम दिसली. पण डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने शुल्काची पद्धत बदलल्याची घोषणा करताच कित्येक वर्गणीदार निघून गेले. आठवडाभरात कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला, तरी गेलेले सगळे परतले नाहीत.

भारतातला चित्रकार यात आणखी दोन पायऱ्या खाली उभा असतो. किकस्टार्टरवर भारतातून मोहीम चालवता येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या अडखळल्या, त्यात परदेशी संकेतस्थळांच्या वर्गण्याही आल्या. म्हणून इथली मिळकत प्रत्यक्ष विक्रीतून आणि बाहेरच्या कामांतून येते. २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या कॉमिक कॉनने पुस्तिका, चित्रे, खुणपट्ट्या थेट वाचकाच्या हातात देण्याची जागा दिली. मुंबईच्या अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ अशा मेळ्यांतूनच लोकांना ठाऊक झाली. दुसरी वाट कामे मिळण्याची आहे. स्वयंसेवी संस्था, शाळा, प्रकाशक मालिका पाहून चित्रकाराला बोलावतात. म्हणजे वेबकॉमिक स्वतः कमावत नसेल, तरी चित्रकाराची ओळख कमावते.

चित्र गेले कुठे?

के. सी. ग्रीन या अमेरिकन चित्रकाराने जानेवारी २०१३ मध्ये एक सहा चौकटींची पट्टी काढली. आग लागलेल्या खोलीत एक कुत्रा टोपी घालून कॉफी पितो आहे आणि सगळे ठीक आहे म्हणतो आहे. लोकांनी पहिल्या दोन चौकटी कापल्या आणि त्या जगभर फिरल्या, चित्रकाराच्या नावाशिवाय. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिकृत खात्यानेही ते चित्र विरोधकांवर टीका करायला वापरले. ग्रीन यांनी मग त्या कुत्र्याचे मऊ खेळणे बनवायला वाचकांकडे वर्गणी मागितली आणि ती भरभरून मिळाली. चित्र व्हायरल होणे म्हणजे चित्रकार प्रसिद्ध होणे, असा अर्थ नसतो. दोन्हींच्या मधला पूल म्हणजे सही. ती कडेला नको, कारण कडा कापल्या जातात. चित्राच्या रेषांत मिसळून, प्रत्येक चौकटीच्या आसपास असावी.

कायदा आपल्या बाजूने आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र तयार होताच हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच कंपन्यांच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आवर्जून घातलेले असतात. सही करण्यापूर्वी ते शोधावेत आणि त्यांची किंमत मागावी.

कायद्याचा दुसरा अनुभवही येऊ शकतो. रचिता तनेजा २०१४ पासून ‘सॅनिटरी पॅनल्स’ ही काड्यांच्या माणसांची राजकीय मालिका चालवतात. २०२० मध्ये काही चित्रांवरून त्यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अवमानाचे प्रकरण उभे राहिले. वृत्तपत्रातल्या व्यंगचित्रकाराच्या पाठीशी अशा वेळी संस्था असते. वेबवरचा चित्रकार एकटा असतो. उलट, चित्रकारच न्यायालयात गेल्याचेही उदाहरण आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘सारा’ज स्क्रिबल्स’च्या सारा अँडरसन यांनी इतर दोन कलाकारांसह चित्रे बनवणाऱ्या एआय कंपन्यांवर दावा लावला. आपली चित्रे न विचारता यंत्राला शिकवायला वापरली, ही त्यांची तक्रार.

भाड्याचे घर आणि देवनागरी फुगे

‘स्मॅक जीव्हज’ हे वेबकॉमिक ठेवण्याचे फुकट ठिकाण २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि हजारो मालिकांना नवी जागा शोधावी लागली. इन्स्टाग्राम, वेबटून ही वाचक मिळवण्याची ठिकाणे आहेत, चित्रे साठवण्याची नव्हेत. स्वतःच्या नावाचे साधे संकेतस्थळ आणि वाचकांच्या ईमेलची यादी एवढे तरी आपल्या मालकीचे असावे.

मूळ चित्रे मोठ्या आकारात जपणे तितकेच महत्त्वाचे. पडद्याला पुरेसे म्हणून ७२ डीपीआयवर (इंचामागे ७२ ठिपके) काढलेले चित्र कागदावर फाटल्यासारखे दिसते. रंगीत चित्र छापायला किमान ३०० डीपीआय लागते, काळ्या रेषेचे असेल तर ६००. पुस्तक निघण्याची वेळ आली की शंभर भाग पुन्हा काढावे लागणे, ही या क्षेत्रातली नेहमीची रडकथा आहे.

मराठीत काढणाऱ्यांनी अक्षरांकडे खास लक्ष द्यावे. इंग्रजी कॉमिक सगळी मोठी अक्षरे वापरते, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसतात. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार; ओळींत अंतर जास्त लागते आणि फुगा उंच होतो. आधी चित्र काढून उरलेल्या जागेत संवाद कोंबले तर वाचक पहिल्याच चौकटीत दमतो. म्हणून संवाद आधी मांडावेत, चित्र त्यांच्याभोवती बसवावे. ‘कलम’ आणि ‘बालू’सारखे युनिकोड टंक फुकट मिळतात, क्रिटा हे चित्रे काढायचे सॉफ्टवेअरही फुकट आहे.

उभा स्क्रोल मराठी चित्रकाराला परका वाटू नये. ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांनी हेच तंत्र कागदावर वापरले होते. कापलेल्या खिडकीतून दिसते एक, पान उलटले की निघते भलतेच. स्क्रोलमध्ये दोन चौकटींमधली रिकामी जागा हेच काम करते. ती किती ठेवायची, यावर विनोदाची वेळ ठरते.

सुरुवात करणाऱ्याला

मराठीत दैनंदिन चित्रमालिका आवडीने वाचणाऱ्या दोन पिढ्या तयार आहेत, आणि वेबवर नियमित येणारी मराठी चित्रकथा आजही मोजकीच दिसते. जागा रिकामी आहे. ती घ्यायची असेल तर महागडा टॅब्लेट घेण्याआधी एका कथेचे दहा भाग कागदावर काढून पाहा. दहावा भाग काढतानाही अकरावा सुचत असेल, तर मालिका तुमच्या आवाक्यातली आहे. नसेल सुचत, तर विषय किंवा शैली बदला. कोणी पाहिलेले नाही, काही बिघडलेले नाही. मग वार ठरवा, सही करा, मूळ फायली जपा आणि नोकरी इतक्यात सोडू नका. संपादकाचे काम आता तुमचेच आहे. ते कडकपणे करा, पण चित्रकाराला आठवड्याची सुट्टी द्यायला विसरू नका.